रोगाचे मूळ शोधणारी विदुषी : डॉ. कमल रणदिवे

आपल्या ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक एखादा लेख लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली. कोणता विषय घ्यावा याचा विचार करीत असता तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. नववीच्या वर्गाला मी कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवीत होतो. मुले रांगेने येत, पाहत आणि पुढे सरकत. एक मुलगी मात्र दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली आणि पाहून झाल्यावर म्हणाली, "सर, माणूस आजारी पडतो तेव्हा त्याच्या पेशीत नेमके काय बिघडते? ते असे दिसते का?"

पुढे दहावीला त्या मुलीला उत्तम गुण मिळाले. तिला विज्ञान शाखेला घालावे, असे मी सुचविले. तिचे वडील रेल्वेत गँगमन आहेत. ते शाळेत येऊन मला म्हणाले, "सर, डॉक्टरकीचा खर्च आपल्याच्यानं व्हायचा नाही. आणि पोरगी डॉक्टर होणार नसंल, तर एवढं सायन्स शिकून करायचं काय?"

त्यांना मी काही तरी उत्तर दिले. पण ते माझे मलाच समाधानकारक वाटले नाही. प्रश्न साधा आणि रास्त होता. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असतो. विज्ञान म्हणजे एक तर डॉक्टर, नाही तर इंजिनिअर. तेवढे जमले नाही तर सारे फुकट, अशी आपली समजूत. या दोहोंखेरीज एक तिसरी वाट आहे, ती लांब आहे, आणि त्या वाटेने गेलेल्या एका मराठी बाईंनी आपल्या मुलुखातील रोगांचा कसा छडा लावला, हे सांगितले म्हणजे त्या वडिलांना मी द्यावयाचे राहिलेले उत्तर पुरे होईल, असे वाटते.

वडिलांची इच्छा आणि मुलीची निवड

डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. आपली सर्व मुले, विशेषतः मुली, चांगल्या शिकाव्यात अशी त्यांची तळमळ होती. कमलचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत झाले. मुलीने वैद्यकीचे शिक्षण घ्यावे आणि डॉक्टराशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन बी.एस्सी. केले. वडिलांची इच्छा वाईट नव्हती आणि मुलीचा हट्टही पोरकट नव्हता. रोग्यावर उपचार करण्यापेक्षा सजीवाची घडण समजून घेण्याकडे तिचा ओढा होता, इतकेच.

सन १९३९ मध्ये त्यांचा विवाह ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला. ते गणिताचे अभ्यासक होते, आणि पत्नीच्या पुढील शिक्षणास त्यांचे पूर्ण साहाय्य होते. विवाहानंतर चार वर्षांनी, १९४३ साली, बाईंनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. पूर्ण केले. त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांचा अभ्यास. सीताफळ आणि रामफळ आपणा सर्वांच्या परिचयाचे. त्या झाडांच्या पेशीतील सूतासारखे बारीक गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे आणि त्यांची ठेवण पाहणे, हे त्यांचे काम होते. सीताफळाच्या अभ्यासाचा रोगाशी काय संबंध, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर उत्तर देणे कठीण गेले असते. पण पेशीच्या केंद्रकात काय चालते हे पाहण्याची जी सवय डोळ्यांना तेथे लागली, तीच पुढे कॅन्सरच्या अभ्यासात उपयोगी पडली.

खानोलकरांची प्रयोगशाळा

विवाहानंतर बाई मुंबईस आल्या. तेथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते, आणि त्याच्या प्रयोगशाळेची सूत्रे डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्याकडे होती. खानोलकर हे विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगाने शरीरात घडणाऱ्या फेरफारांच्या शास्त्राचे, थोर जाणकार होते. सन १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. कोणत्या समाजातील लोक पान, तंबाखू, चुना कसा खातात, आणि त्यांना कॅन्सर तोंडात कोणत्या जागी होतो, याचा मेळ पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती. रोग आकाशातून पडत नाही, माणसाच्या रोजच्या रीतीभातींशी त्याचा धागा जुळलेला असतो, हे त्यांच्या कामाचे सार होय.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली बाईंनी संशोधन केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. विवाहास दहा वर्षे झालेली, संसार मागे लागलेला, अशा स्थितीत वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास ही पदवी त्यांच्या हाती आली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. या गोष्टीकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

रोगात पेशीचे काय बिघडते?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. पेशीत नेमके काय बिघडते?

आपल्या लोंढा जंक्शनावरून तीन दिशांना गाड्या जातात. एक वाट बेळगाववरून मिरजेकडे, दुसरी अळणावर-धारवाडवरून हुबळीकडे आणि तिसरी कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्याकडे. गाडी कोठे जाणार हे इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही, ते रुळांच्या सांध्यावर ठरते. सांधा काही बोटे इकडचा तिकडे सरकला की हुबळीची गाडी गोव्याच्या वाटेला लागते, आणि आत बसलेल्या उतारूला त्या क्षणी काहीही जाणवत नाही.

पेशीचेही असेच आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डी.एन.ए. नावाचा एक लांब, पीळदार रेणू असतो. चार प्रकारच्या घटकांची ठराविक क्रमाने केलेली ती एक लिपीच आहे. मानवी पेशीतील या लिपीच्या एका संचात सुमारे ३०० कोटी जोड्या आहेत. पेशीने केव्हा वाढावे, केव्हा दुभंगावे आणि केव्हा थांबावे याच्या सूचना या लिपीत असतात. त्यांतील एकेका सूचनेस आपण जनुक म्हणतो. जनुकातील एखादे अक्षर बदलले की त्यापासून बनणारे प्रथिन बदलते. थांबण्याची सूचना देणारे प्रथिनच बिघडले, तर पेशी थांबत नाही. ती दुभंगतच राहते. असा पेशींचा अनिर्बंध वाढत जाणारा समूह म्हणजे कॅन्सर.

रेल्वेत सांधा नीट बसल्याखेरीज सिग्नल पडत नाही, ही व्यवस्था आपल्याकडील कामगार जाणतातच. पेशीतही असे पहारे आहेत. डी.एन.ए.ला इजा झाली तर ती दुरुस्त करणारी प्रथिने आहेत, आणि दुरुस्ती होईपर्यंत पेशीला दुभंगू न देणारे 'पी-५३' नावाचे एक प्रथिन आहे. दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीने स्वतःच मरून जावे, अशीही तजवीज असते. म्हणून एका चुकीने कॅन्सर होत नाही. वर्षानुवर्षे चुका साठत जातात, पहारेकरीही निकामी होतात, आणि मग रोग प्रकट होतो. तंबाखू खाणारा मनुष्य "मला वीस वर्षांत काही झाले नाही" असे म्हणतो, त्याचे उत्तर यातच आहे. आत सांधे सरकत असतात, उतारूला कळत नाही.

हे ज्ञान आज शाळेच्या पुस्तकात आले आहे. परंतु रणदिवेबाईंनी कामास प्रारंभ केला तेव्हा डी.एन.ए.ची रचनाही ठाऊक नव्हती. ती वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली मांडली. लिपी वाचण्याची साधने नसताना रोगाच्या मुळाशी जावयाचे, तर त्यासाठी दोनच वाटा होत्या. एक, पेशी शरीराबाहेर काढून जगविणे आणि तिचे वर्तन पाहणे. दुसरी, लहान प्राण्यांत रोग कसा उपजतो ते पिढ्यान् पिढ्या पाहणे. बाईंनी दोन्ही वाटा चोखाळल्या.

काचनळीतील पेशी

खानोलकरांच्या प्रोत्साहनाने बाई अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. गाय हे ऊतिसंवर्धनात, म्हणजे शरीरातील पेशी बाहेर काढून वाढविण्याच्या विद्येत, अग्रगण्य होते. पेशींना खाद्यरस लागतो, ऊब लागते, आणि जंतूंचा जराही संसर्ग चालत नाही. गाय यांनी काचनळ्या एका पिंपासारख्या चक्रात बसवून ते सावकाश फिरते ठेवण्याची युक्ती काढली होती. त्यामुळे नळीच्या आत चिकटलेल्या पेशींना आळीपाळीने रस आणि हवा दोन्ही मिळत.

याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कॅन्सरच्या पेशी अखंड वाढू लागल्या. शरीराबाहेर अमर झालेला तो मानवी पेशींचा पहिला वंश. जगभर त्याचा उपयोग झाला. मात्र त्या बाईची संमती कोणी घेतली नव्हती, आणि तिच्या कुटुंबासही कित्येक वर्षे याची वार्ता नव्हती. ज्ञान मोठे असले तरी ज्याच्या देहातून ते निघाले त्या माणसाला विचारले पाहिजे, हा धडाही विज्ञानाने पुढे शिकून घेतला. आपल्या मुलांना विज्ञान शिकविताना ही बाजू झाकून ठेवू नये.

मुंबईत १९५२ साली भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र स्थापन झाले. परत आल्यावर बाईंनी या केंद्रात प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. परदेशी प्रयोगशाळेत शिकून येणे वेगळे, आणि ते काम मुंबईच्या हवेत, मिळतील त्या साधनांनी उभे करणे वेगळे. पेशींना लागणारे खाद्यरस आणि इतर रसायने १९६० नंतरच्या वर्षांत त्यांनी सहकाऱ्यांसह येथेच तयार करविली. स्वतःपुरते शिकून न थांबता त्यांनी पुढील पिढीसाठी चुलीपासून भांड्यांपर्यंत सारे स्वयंपाकघरच मांडून दिले, असे म्हटले तरी चालेल.

उंदरांचे वंश आणि स्तनाचा कॅन्सर

उंदीर दोन-तीन वर्षे जगतो. त्यामुळे माणसात ज्या गोष्टी पाहावयास शंभर वर्षे लागतील, त्या उंदरात थोड्या काळात पाहता येतात. काही वंशांच्या उंदरांच्या माद्यांना स्तनाचा कॅन्सर फार होतो, काहींना जवळजवळ होत नाही. अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ साली दाखविले होते की, जास्त कॅन्सर होणाऱ्या वंशाची पिले जन्मताच दुसऱ्या वंशाच्या मादीला पाजावयास दिली, तर त्यांच्यातील कॅन्सर कमी होतो. पुढे कळले की, या उंदरांच्या दुधातून एक विषाणू पिलात जातो.

रणदिवेबाईंनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. वंशाने आलेली प्रवृत्ती, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू या तिहींचा एकमेकांशी संबंध कसा, यावर त्यांचा भर होता. जास्त कॅन्सर होणारा आणि कमी कॅन्सर होणारा असे वंश शेजारी शेजारी ठेवून, दोहोंत कोठे फरक पडतो हे त्या तपाशीत. हाच कित्ता त्यांनी रक्ताच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरबाबतही गिरविला. रोगाचे एकच एक कारण शोधून थांबू नये, तीन-चार कारणे एकत्र आली म्हणजेच रोग उभा राहतो, ही दृष्टी त्यांच्या कामातून दृढ झाली.

येथे माताभगिनींसाठी एक खुलासा करणे जरूर आहे. वरील गोष्ट उंदरांची आहे. मानवी मातेच्या दुधाने बाळाला कॅन्सर होत नाही. उलट अंगावर पाजणे हे बाळाच्या आणि आईच्याही हिताचे आहे. अर्धवट ऐकून कोणी भलती समजूत करून घेऊ नये.

सुपारी, तंबाखू आणि आपला मुलूख

आता आपल्या घराजवळचा विषय. आपल्या जिल्ह्यातील निपाणी तंबाखूच्या पेठेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील वखारींवर आणि विड्यांच्या धंद्यावर हजारो कुटुंबांची चूल पेटते. त्यांच्या पोटाविषयी तुच्छतेने बोलण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु तंबाखू पिकते म्हणून ती खाल्लीच पाहिजे असेही नाही.

खानोलकरांनी रुग्णांच्या नोंदींवरून जे ताडले होते, त्याची परीक्षा प्रयोगशाळेत करण्याचे काम रणदिवेबाई आणि त्यांचे सहकारी यांनी केले. सुपारीच्या आणि तंबाखूच्या अर्कांवरील त्यांच्या प्रयोगांचा निबंध १९७६ साली आंतरराष्ट्रीय कॅन्सरविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुपारीच्या पाण्यात काढलेल्या अर्काची सुई उंदरांना कातडीखाली टोचली असता त्या जागी अर्बुदे उठली. म्हणजे दोष केवळ तंबाखूकडे नव्हता, सुपारीकडेही होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखू घातलेला विडा कॅन्सरकारक असल्याचे १९८५ साली जाहीर केले. तंबाखूविना विडा आणि नुसती सुपारी यांनाही त्याच यादीत घालणारा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. मुंबईतील प्रयोग आणि हा अहवाल यांत जवळजवळ २८ वर्षांचे अंतर आहे!

हे विष काम कसे करते? तंबाखूचे पान सुकताना आणि मुरताना तिच्यातील निकोटीनपासून नायट्रोसमाइन नावाची द्रव्ये बनतात. शरीर ती बाहेर टाकण्यासाठी त्यांचे रूपांतर करू पाहते, आणि त्या खटपटीत ती अधिकच तिखट होऊन डी.एन.ए.ला चिकटतात. चिकटलेल्या जागी लिपीची नक्कल करताना चूक होते. हीच ती सांधा सरकण्याची जागा. सुपारीचा मार्ग थोडा निराळा. तिच्यातील द्रव्यांमुळे गालाच्या आतील अस्तरात चिवट तंतू साठू लागतात, ते विरघळेनासे होतात, गाल कडक होतो आणि पुढे तोंड दोन बोटेही उघडत नाही. गुटखा आणि गोड सुपारीच्या पुड्या खाणाऱ्या तरुण पोरांत हा विकार आढळतो, आणि त्यांपैकी काहींना पुढे कॅन्सर होतो.

माझ्या थोरल्या फुफीने चाळीस वर्षे मिश्री लावली. दात दुखू नयेत म्हणून लावते, असे ती म्हणे. गालात पांढरा डाग पडला तो तिने कोणास दाखविला नाही. जखम झाली तेव्हा आम्ही तिला मुंबईस नेले. पण फार उशीर झाला होता. मी त्या वेळी विज्ञानाचा पदवीधर होतो आणि त्याच घरात राहत होतो. त्या डागाचा अर्थ काय, हे मी कधी विचारले नाही. म्हणून सांगतो, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तोंड उघडण्यास अडचण होत असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरास दाखवावे. आरंभी कळलेला तोंडाचा कॅन्सर बरा होऊ शकतो.

कुष्ठरोगाच्या जंतूची कथा

बाईंच्या कार्याचा दुसरा मोठा भाग कुष्ठरोगाशी निगडित आहे. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली पाहिला. पण इतर रोगांचे जंतू जसे काचेच्या बशीत खाद्यावर वाढविता येतात, तसा हा आजतागायत कोणास वाढविता आलेला नाही. हा जंतू मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत बस्तान ठोकतो, म्हणून रोग्याच्या हातापायांची संवेदना जाते.

सन १९५८ मध्ये डॉ. सी. व्ही. बापट, डॉ. रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून, मज्जातंतूंच्या पेशींच्या संवर्धनाचा आधार घेऊन, एक जंतू वेगळा काढून वाढविला. संस्थेच्या नावावरून त्यास 'आय.सी.आर.सी. जंतू' म्हणतात. हाच कुष्ठरोगाचा जंतू, असा प्रथम समज होता. पुढील तपासात तो त्याच कुळातील, पण निराळ्या जातीचा ठरला. येथे काम फसले असे कोणास वाटेल. परंतु या जंतूच्या अंगावरील काही खुणा कुष्ठजंतूशी जुळतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्या ओळखते, असे दिसून आले. त्या आधारे १९७९ पासून डॉ. एम. जी. देव, डॉ. बापट आणि त्यांचे सहकारी यांनी लस तयार केली. दक्षिण भारतात कुष्ठरोगाच्या निरनिराळ्या लशींची जी मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला, आणि तीत या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. पहिल्या प्रयत्नापासून या निष्कर्षापर्यंत ४० वर्षे गेली. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि देशातील त्याचे प्रमाण २००५ च्या अखेरीस दहा हजारांत एकाच्या खाली आले. तरी नवे रोगी अजून सापडतात, म्हणून हे काम संपलेले नाही.

मान आणि कर्तव्य

सन १९६४ मध्ये बाईंना भारतीय वैद्यक परिषदेचे रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक आणि वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी कॅन्सर संशोधन केंद्राच्या संचालकपदाची धुरा वाहिली. त्यांचे दोनशेहून अधिक संशोधन निबंध प्रसिद्ध झाले. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यांची संस्था आता नवी मुंबईत खारघर येथे मोठ्या स्वरूपात काम करीत आहे.

आपण वर चढलो म्हणजे शिडी काढून घेणारे लोक पुष्कळ असतात. बाई तशा नव्हत्या. संसार सांभाळून संशोधन करणाऱ्या स्त्रियांच्या अडचणी त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या. १९७३ साली त्यांनी सहकारी भगिनींसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. निवृत्तीनंतर त्या त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूरच्या आदिवासी भागात गेल्या. तेथील मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि गावातील स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या वडिलांस उत्तर

"डॉक्टर होणार नसेल तर सायन्स शिकून करायचं काय?" या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. डॉक्टर समोरच्या रोग्यास पाहतो, आणि ते काम थोर आहेच. पण त्याने कोणते औषध द्यावे, कोणत्या सवयीपासून लोकांस परावृत्त करावे, कोणती लस टोचावी, हे कोणी तरी आधी शोधून ठेवलेले असते. रणदिवेबाईंनी कोणास औषधाची चिठ्ठी लिहून दिली नाही. तरी त्यांच्या कामाचा लाभ माझ्या फुफीसारख्या हजारोंना होऊ शकला असता, जर आम्ही घरच्या लोकांनी वेळीच जाणून घेतले असते.

पण या उत्तराला हिशेबाची जोड हवी, नाही तर तो नुसता उपदेश होईल. पी.यू.सी.नंतर बी.एस्सी.ची तीन आणि एम.एस्सी.ची दोन अशी पाच वर्षे घरचा पैसा लागतो. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, तर सरकारी संशोधनवृत्ती मिळते. २०२३ पासून कनिष्ठ वृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. म्हणजे अडचण आहे ती मधल्या पाच वर्षांची. आणि ठिकाणे फार दूर नाहीत. बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एक संस्था आहे, पुण्यात पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि खारघर तर आहेच.

आपल्या ट्रस्टने पंचवीस वर्षांत वह्या-पुस्तके दिली, फिया भरल्या, मुलांना पी.यू.सी.पर्यंत आणून सोडले. हे लहान काम नव्हे. त्यावर आज कित्येक घरे उभी आहेत. परंतु पी.यू.सी.ला मदत थांबते, आणि नेमके तेथूनच पुढची पाच वर्षे सुरू होतात. दरवर्षी पुष्कळांना थोडे देण्याबरोबर, एखाद्या तरी मुलास किंवा मुलीस पाच वर्षे सलग हात द्यावा, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. कमलबाईंना प्राध्यापक वडील लाभले, शिकू देणारा पती लाभला, खानोलकरांसारखे गुरू लाभले. आपल्या मुलांना हे सारे एका घरात मिळणार नाही. ते समाजाने मिळून द्यावे लागेल.

ती मुलगी सध्या खानापूरला पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळी येते. येत्या उन्हाळ्यात तिचे वडील पुन्हा माझ्याकडे येतील. या वेळी मी त्यांना केवळ उत्तर देऊन परत पाठवू नये, एवढीच माझी इच्छा आहे.